पटवारी, कोतवाल आणि सर्व्हर : एकोडी परिसरातील गावदप्तराचा इतिहास

एकोडी हे भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातले, झाडीपट्टीतले धानाचे गाव. या गावाचा आणि आसपासच्या शेकडो गावांचा सरकारशी संबंध पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः तीन माणसांमार्फत येत राहिला: पटवारी, कोतवाल आणि, धान्यवाटप सुरू झाल्यावर, कंट्रोलचा दुकानदार. जमीन कोणाची, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, काय पेरले, कोण जन्मले, कोण गेले, कोणाच्या घरी किती तांदूळ जायचा, हे या तिघांच्या नोंदीवर ठरे. गेल्या पंचवीसेक वर्षांत ही कामे एकेक करून संगणक, मोबाइल ॲप, अंगठा वाचणारे यंत्र, स्वयंचलित पर्जन्यमापक, उपग्रह आणि ड्रोन यांच्याकडे गेली. बदल कळण्यासाठी जुने दप्तर कसे चाले ते आधी पाहावे लागते. त्या दप्तरात लिहिणे आणि ऐकून घेणे ही दोन कामे एकाच माणसाकडे होती. यंत्राने लिहिण्याचे काम घेतले. ऐकण्याचे काम कोणाकडे गेले हे आजही नीट ठरलेले नाही.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात गावचा वसूल गोळा करणाऱ्या मालगुजारांना गावांची मालकी देण्यात आली. साकोली तेव्हा भंडारा जिल्ह्याच्या तीन तहसिलींपैकी एक होती. बाकीच्या दोन भंडारा आणि तिरोडा. या मुलखाची शेती तलावांवर उभी होती. कोहळी समाजाच्या कारागिरीतून उतारावर आडव्या पाळी घालून बांधलेले तलाव आणि लहान बोड्या गावोगाव होत्या. पुढे ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले. कोणत्या बांधीला पाणी आधी आणि कोणत्या बांधीला नंतर, हा इथला जीवनमरणाचा प्रश्न. त्यामुळे जमिनीची नोंद ही पाण्याच्या वाट्याशीही जोडलेली होती.

पटवाऱ्याच्या दप्तरात मुख्यतः खसरा, जमाबंदी आणि गावनकाशा असे. खसऱ्यात प्रत्येक शेताचा क्रमांक, कसणाऱ्याचे नाव आणि त्या वर्षीचे पीक येई. ही नोंद घरबसल्या करायची नव्हती; हंगामात शेतोशेत फिरून पीक डोळ्यांनी पाहायचे आणि मग लिहायचे, असा नियम होता. गावच्या चालीरीती, म्हणजे चराई, सरपण, वाटा, तलावाचे पाणी, वाजिब-उल-अर्ज या स्वतंत्र कागदात उतरवल्या जात. सरकारी दप्तराने गावाचा रिवाज ऐकून लिहून ठेवला, ही त्या व्यवस्थेतली फार मोलाची गोष्ट होती. आजच्या कोणत्याही ॲपमध्ये रिवाज लिहायला रकाना नाही.

कोतवालाचे काम वेगळे. तो गावचा राखणदार, निरोप्या आणि जन्ममृत्यूची खबर देणारा. मध्य प्रांतात ही खबर कोतवाल ठरल्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन देई आणि तिथल्या पुस्तकात ती चढे. बहुतेक कोतवालांना लिहिता येत नसे. ते घरोघरची माहिती लक्षात ठेवत आणि ठाण्यात सांगत. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशातल्या सर्वाधिक मृत्यूंच्या प्रांतांपैकी एक होता. त्या मृत्यूंचे आकडे आज अभ्यासकांना मिळतात ते अशाच अनेक निरक्षर माणसांच्या स्मरणशक्तीमुळे. विदर्भात जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना आजही कोतवाल बुकाची नक्कल पुरावा म्हणून जोडली जाते. शंभर वर्षांपूर्वी कोणी तरी ठाण्यात उभे राहून सांगितलेला एक शब्द आज पणतवंडाच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा आधार ठरतो किंवा अडसर ठरतो. नोंद किती दूरवर पोचते याचे याहून ठळक उदाहरण या जिल्ह्यात शोधावे लागणार नाही.

मात्र त्या व्यवस्थेला मायेची म्हणणे चुकीचे होईल. भंडाऱ्याच्या बाजूला कोतवालकी बहुतेक महार समाजाच्या माणसांकडे असे आणि तिच्याबरोबर वेळी-अवेळी राबण्याची सक्ती व अपमान येई. मालगुजाराच्या वाड्यावर ज्याचे वजन, त्याची नोंद सहज होई. पटवाऱ्याला धान पोचवल्याशिवाय फेरफार न होणे ही तक्रार जुनी आहे आणि ती खोटी नाही. विधवेचे नाव वारस म्हणून न चढणे, कुळाच्या जागी मालकाचे नाव चढणे, हेही याच दप्तरात घडले. संगणक आला तेव्हा गरीब माणसाने त्याचे मनापासून स्वागत केले, त्यामागे हा अनुभव होता.

मालगुजारी १९५०च्या मध्य प्रदेश कायद्याने रद्द झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून गावांची मालकी व त्यांतले तलाव सरकारकडे आले. त्यानंतर १९५४-५५ मध्ये अधिकार अभिलेख तयार झाले आणि गावाच्या सामाईक हक्कांसाठी निस्तार पत्रके बनली. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ने राज्यभर एकच पद्धत आणली. पटवाऱ्याचा तलाठी झाला आणि खसऱ्याच्या जागी गाव नमुना सात-बारा आला. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांना मात्र या संहितेने कलम १६१ आणि १६५ मध्ये जागा दिली. पूर्व विदर्भाचा तो वारसा कायद्यात टिकला.

याच संहितेने नोंदीला दोन बाजू दिल्या. कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे नोंदीचे वजन मोठे. म्हणूनच कलम १५० मध्ये फेरफार चढवण्यापूर्वी चावडीवर सूचना लावणे, हितसंबंधितांना नोटीस देणे, हरकत आल्यास ती वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घेऊन सुनावणी करणे आणि मग वरिष्ठ अधिकाऱ्याने प्रमाणित करणे, असा क्रम घातला. नोंद जितकी बलवान, तितकी तिच्याआधीची विचारपूस काटेकोर, हे तत्त्व त्यात स्पष्ट आहे. पुढे आलेल्या प्रत्येक यंत्राला याच कसोटीवर तपासले पाहिजे.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये सुरू झाली. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला आणि त्यातून महाराष्ट्रात ई-फेरफार उभा राहिला. हस्तलिखित सात-बारा संगणकात चढवताना नावे, क्षेत्रे आणि हिस्से यांत चुका झाल्या. एका अक्षराने आडनाव बदलले, आण्यांतले हिस्से दशांशात नेताना बेरीज जुळेना. २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली: संगणकातला सात-बारा गावासमोर मोठ्याने वाचायचा, लोकांनी चूक सांगायची, ती दुरुस्त करायची. संपूर्ण संगणकीकरणाच्या वाटचालीत ही मोहीम सर्वांत शहाणपणाची होती. जे पडद्यावर दिसत होते ते पुन्हा कानावर आले आणि ज्यांना वाचता येत नाही अशांनाही हरकत घेता आली. त्यानंतर डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा घरबसल्या मिळू लागला. साकोलीच्या तहसिलीत हेलपाटे घालण्याचे दिवस पुष्कळ कमी झाले. हा लाभ खरा आहे आणि मोठा आहे.

पीक पाहणीचे तसे सरळ झाले नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन मोबाइलवर पीक नोंदवायचे आणि छायाचित्र काढायचे. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश ॲप घेते. चूक झाल्यास ४८ तासांत दुरुस्ती करता येते आणि तलाठ्याने दहा टक्के नोंदी तपासायच्या असतात. कल्पना चांगली आहे. आपल्या शेतात काय आहे हे सांगायचा पहिला अधिकार शेतकऱ्याचाच असावा, पटवाऱ्याने चावडीत बसून मागच्या वर्षीचे पीक उतरवू नये, हा तिचा हेतू होता. पण झाडीपट्टीत नोंदणीची मुदत रोवणीच्या धावपळीला लागून येते. चिखलात दिवसभर राबलेल्या बाईच्या हातात स्मार्टफोन असेलच असे नाही. नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या शेतात रेंज मिळेलच असेही नाही. मग गावातला शिकलेला मुलगा किंवा सेवा केंद्राचा चालक चार पैसे घेऊन सगळ्यांची नोंद करतो. पटवाऱ्याच्या जागी असा मध्यस्थ आला, पण त्याच्यावर पटवाऱ्यासारखी कायद्याची जबाबदारी नाही.

या नोंदीवर पुढे बरेच काही अवलंबून असते. आधारभूत किमतीच्या केंद्रावर धान विकायचे तर आधी ऑनलाइन नोंदणी लागते आणि तिला सात-बारावरचा धानाचा पेरा लागतो. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३०० रुपये होती. पेरा चढला नाही तर तेच धान व्यापाऱ्याला पडेल भावात द्यावे लागते. सर्वांत वाईट गत ठेक्याने किंवा बटईने कसणाऱ्याची. ॲपमध्ये खातेदाराचे नाव येते. कसणारा तिथे नसतो. खसऱ्यात कसणाऱ्याला स्थान होते आणि खातेदाराऐवजी दुसऱ्याचा ताबा असल्यास आजही गाव नमुना ७-ब ची तरतूद आहे, पण ती भरण्यासाठी अधिकाऱ्याने शेतावर जाऊन विचारपूस करावी लागते. यंत्र खातेदाराला ओळखते; घाम गाळणाऱ्याला ओळखायला त्याला कोणी शिकवलेलेच नाही.

कंट्रोलच्या दुकानाची कहाणी अधिक थेट पोटाशी आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा; महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत दुकानांत ई-पॉस यंत्रे आली आणि आधारशी जोडलेला अंगठा लावल्याशिवाय धान्य मिळेना. दुकानदाराचा खोटा हिशेब, मेलेल्यांच्या नावावर उचललेले धान्य, महिनाअखेर 'माल संपला' म्हणून परत पाठवणे, या जुन्या दुखण्यांवर यंत्राने खरोखर उपाय केला. घराला किती धान्य मिळाले याची पावती हातात येऊ लागली. ऑगस्ट २०१९ पासून महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात कार्ड दोन्हीकडे चालू लागले आणि पुढे ही सोय देशभर झाली. हंगाम संपल्यावर कामासाठी बाहेर जाणाऱ्या मजुरांना तिचा उपयोग आहे.

पण थम लागत नाही तेव्हा काय? वर्षानुवर्षे चिखलात रोवणी केलेल्या, विळा आणि मुसळ धरलेल्या म्हाताऱ्या बोटांच्या रेषा झिजतात. यंत्राला त्या दिसत नाहीत. ज्यांना धान्याची सर्वाधिक गरज, त्यांच्याच बोटांवर यंत्र अडते. ओटीपी, घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा, अधिकृत प्रतिनिधी आणि अलीकडे डोळ्यांच्या बुबुळाची खूण, असे पर्याय नियमांत आहेत. एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे मात्र दुसरा सदस्य नसतो आणि मोबाइल नंबर पूर्वी कोणाचा तरी दिलेला असतो. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये ११ वर्षांची एक मुलगी मरण पावली. कुटुंबाचे रेशनकार्ड आधारशी जोडले नसल्याने रद्द झाले होते. ती उपासमारीने गेली असे कुटुंबाने सांगितले, प्रशासनाने ते नाकारले. त्यानंतर, २४ ऑक्टोबर २०१७ ला, आधार प्राधिकरणाने परिपत्रक काढून आधार नाही म्हणून कोणाला धान्य नाकारू नये असे बजावले. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने अनुदानांसाठी आधारची अट वैध ठरवली, पण कोणी वंचित राहू नये याची जबाबदारी सरकारवर ठेवली.

जुना दुकानदार नाही म्हणाला तर त्याच्याशी भांडता येत होते, सरपंचाकडे जाता येत होते, तहसीलदाराकडे अर्ज देता येत होता. नाकारणारा माणूस समोर होता. यंत्रावर लाल अक्षरे उमटतात तेव्हा दुकानदार म्हणतो, माझ्या हातात नाही. तहसिलीत सांगतात, सर्व्हरचा प्रश्न आहे. अन्नसुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, राज्य अन्न आयोग आहे, धान्य न मिळाल्यास कलम ८ प्रमाणे अन्नसुरक्षा भत्त्याचा हक्कही आहे. पण या प्रत्येक दारापाशी जायला नकाराचा कागद लागतो, आणि यंत्र नकाराचा कागद देत नाही. मिळाल्याची पावती मिळते, न मिळाल्याची मिळत नाही. स्वयंचलनाने झालेला सर्वांत मोठा अन्याय इथे आहे आणि तो दूर करायला नवे तंत्रज्ञान लागत नाही; त्याच यंत्रातून दुसरी चिठ्ठी निघाली तरी पुरे.

आपत्तीची मोजणीही अशीच माणसाकडून यंत्राकडे गेली. पूर्वी पैसेवारी काढण्यासाठी तलाठी, सरपंच आणि गावातले शेतकरी मिळून शेते निवडत, पीक कापत, उतारा मोजत. पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली आली की दुष्काळाच्या सवलती. त्यात गावगोंधळ होता, पण सर्वांच्या देखत होता. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पावसाची तूट, जमिनीतला ओलावा आणि उपग्रहाने टिपलेला पिकांचा हिरवेपणा हे निकष पुढे आणले. महाराष्ट्राने २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो याच नव्या पद्धतीने. महावेध प्रकल्पात प्रत्येक महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्र बसले. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी. नाही तर नाही. चूलबंदच्या खोऱ्यात एका टोकाला ढगफुटीसारखा पाऊस पडतो आणि दुसरे टोक कोरडे राहते. मंडळातले एकच केंद्र सर्व गावांसाठी बोलते. बांधी वाहून गेलेल्या शेतकऱ्याने पुरावा म्हणून काय दाखवायचे? अशा वेळी पंचनामा हाच मार्ग उरतो, म्हणजे शेवटी तलाठ्यालाच चिखल तुडवत जावे लागते.

रोजगार हमीच्या कामावरच्या हजेरीचेही असेच झाले. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात सुरू केलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्क बनवलेली ही योजना देशाच्या २००५ च्या कायद्याला आदर्श ठरली. तिच्यामागे वि. स. पागे यांचा विचार होता: काम मागेल त्याला काम. केंद्राने जानेवारी २०२३ पासून हजेरी ॲपवर सक्तीची केली, दिवसातून दोनदा छायाचित्रासह. तलावातला गाळ काढणाऱ्या बायांचे काम दुपारी आटोपले तरी दुसऱ्या छायाचित्रासाठी थांबावे लागे. रेंज नसेल तर केलेल्या कामाची मजुरी अडकण्याची भीती. हजेरीपटातली खोटी नावे रोखणे गरजेचे होते. पण खोटेपणा ठेकेदार आणि कारकून यांच्या हातून होत होता, आणि बंधन पडले मजुरावर.

गावठाणाच्या मोजणीत यंत्र अधिक न्याय्य ठरले. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावी महाराष्ट्राने ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग केला आणि २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना म्हणून तो देशभर गेला. शेतजमिनीला सात-बारा होता, पण राहत्या घराच्या जागेला बहुतेक गावांत कागदच नव्हता. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ड्रोनने वरून छायाचित्रे घेतली, मात्र त्याआधी गावात चुन्याने हद्दी आखल्या गेल्या, शेजाऱ्यांसमोर चौकशी झाली, हरकती घेतल्या गेल्या आणि मगच मालमत्ता पत्रक निघाले. यंत्र आणि सुनावणी एकत्र नांदू शकतात, याचा हा चालता पुरावा.

बाहेरच्या जगातही प्रश्न हाच उभा राहिला. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानाच्या छाननीत संगणकाच्या जोखीम-गणनेने परकीय मुळाच्या हजारो पालकांना लबाड ठरवले. त्या प्रकरणात जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारने राजीनामा दिला. ऑस्ट्रेलियात वर्षाच्या उत्पन्नाची सरासरी काढून गरिबांवर नसलेली कर्जे लादणारी यंत्रणा चालली. जुलै २०२३ मधल्या शाही आयोगाच्या अहवालाने तिला क्रूर आणि अन्याय्य म्हटले. दोन्ही ठिकाणी पैसा, वकील आणि वृत्तपत्रे होती, तरी सत्य बाहेर यायला वर्षे लागली. साकोलीच्या बाजारात मोबाइलच्या दुकानासमोर रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडे यातले काहीच नसते.

त्याच्यासाठी एक वाट कायद्यात आहे: महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम केला. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळाली नाही तर दोन अपिले आणि त्यापुढे आयोग, अशी त्याची रचना आहे. अर्ज नाकारल्यास कारण लेखी द्यावे लागते. हे कलम अंगठ्याच्या नकाराला, ॲपने न घेतलेल्या छायाचित्राला आणि पर्जन्यमापकाच्या आकड्याला लागू झाले, तर यंत्रासमोरचा नागरिक पुन्हा बोलू शकेल. तलाठ्याचे पदनाम २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झाले. नोंदीतली लेखनचूक सुधारण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ ने जिल्हाधिकाऱ्याला दिलेला आहे, आणि तो आजही माणसाकडेच आहे. दुसरीकडे १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. तो सात-बारा आणि आधार यांच्या जोडणीतून निघतो. ज्याच्या नावे सात-बारा नाही, अशा ठेक्याने धान पिकवणाऱ्यासाठी त्यात अजून जागा झालेली नाही.